बाहेरून कुलूप

मांजरी, भिंतीच्या अलीकडे
४ जानेवारी २०१८

दादा,

नमस्कार. हा माझा स्वतःचा नमस्कार आहे, कुणाचा आवाज काढलेला नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. मग आईच्या फोनवरून मी तलाठी बनून बोलले, तर तोही ब्लॉक केलास. आता उरलं पोस्ट. पोस्टमनकाका पाकीट बघून म्हणाले, "अगं, हा तर भिंतीपलीकडं राहतो. हाक मार की." म्हटलं, काका, हाक मारून झालीय, खिडकी लावून घेतो. तुझ्या सोसायटीचं इंग्रजी नाव मला लिहिता येईना, झेरॉक्सवाल्याकडून पाकिटावर लिहून घेतलं. ऊस तोडायचा आणि नाव ठेवायचं उसाचंच. बरंय.

बाल्कनीवालं चुकलं माझं, कबूल. बिल्डरच्या ऑफिसातली बाई बनून "सर, तुमची बाल्कनी मंजूर नकाशात नाहीये, शुक्रवारी पाडायला माणसं येतील" असं मी बोलायला नको होतं. पण शुक्रवारी सकाळी तू आणि विजयमाला वहिनी कुंड्या आत नेत होतात, ते मी आपल्या पाण्याच्या टाकीवर बसून बघितलं. तुळस तू स्वतः उचललीस. देवाशप्पथ सांगते, तेवढंच बघून मला बरं वाटलं होतं.

मला नोकरी लागलीय. हसू नकोस. हेमा मॅडम म्हणून आहेत, नारायण पेठेतल्या, कॉलेजात शिकवतात. पुणं कसं पसरलंय ते मोजतायत. घरं नाही मोजत, माणसं नाही मोजत, रस्ते एकमेकांना किती जोडलेत ते मोजतात. माझं काम असं की प्रत्येक चौकात उभं राहायचं आणि बाहेर पडायला किती तोंडं आहेत ते नकाशावर लिहायचं. चार तोंडं असली की हिरवा ठिपका. तीन तोंडं, पिवळा. आणि गेलात त्याच तोंडाने परत या, असा रस्ता म्हणजे एकतोंडी. त्याला लाल.

मी विचारलं, "मॅडम, हे मोजून काय मिळणार?"

म्हणाल्या, "शहर वाढतंय का नुसतं सुजतंय, ते कळतं."

दुसरं एक मोजायचं असतं. कावळ्याचं अंतर आणि पायाचं अंतर. मी पहिलं आपलंच मोजलं. आपल्या चुलीपासून तुझ्या गॅसपर्यंत कावळा निघाला तर आईची भाकरी उलटायच्या आत पोचतो. पायाने निघालं तर हमरस्ता, डंपर, तीन स्कीमच्या कंपाउंडांना वळसा, मग तुझं गेट, मग वॉचमन, मग माझं नाव ऐकून वॉचमनने केलेलं तोंड. मॅडमनी आकडा दोनदा तपासला. त्यांना वाटलं मी त्यातही चावटपणा केला.

गोफणीने पत्र टाकलं असतं तर सरळ बाल्कनीत आलं असतं. आई म्हणाली, काच फुटंल, पोस्टानं पाठव.

आबा बरे आहेत. हल्ली जरा फिरतात. बाकी बरे.

शालू


२० जानेवारी

दादा,

उत्तर नाही आलं. चालेल.

मागच्या आठवड्यात मॅडमनी मला नारायण पेठेत नेलं, आपल्याकडच्याशी तुलना करायला. अरे, काय बोळ आहेत! एका बोळात शिरलं की दुसऱ्यात निघतो, त्यातून तिसऱ्यात. कुणाच्या दाराची कडी वाजवून पळालं तर सात जन्मात सापडणार नाही. मी वाजवून बघितली. सापडले. एक आजी गॅलरीतून म्हणाल्या, "बोळ मोजायचा पगार देतात? आम्ही फुकट राहतोय इतकी वर्षं." मॅडम म्हणाल्या, "शालू, ह्या माझ्या सासूबाई."

तिकडचा नकाशा हिरवागार आला. आपल्या मांजरीचा बघशील तर गोवर उठलाय. लालच लाल. प्रत्येक स्कीमला एक गेट, आत रस्ते, शेवटाला भिंत. भिंतीला लागून दुसऱ्या स्कीमची भिंत.

आता जे लिहायचंय ते लिहिते. आईने सांगितलंय, त्याला कळवायचं नाही. ती आत्ता गिरणीत गेलीय.

मागच्या पत्रात आबा फिरतात म्हणून लिहिलं, ते झाकून लिहिलं होतं. आबा रोज दुपारी जेवले की खांद्यावर फडकं टाकतात आणि म्हणतात, "उसाला पाणी द्यायचं हाय." ऊस नाही, हे त्यांच्या डोक्यातून गेलंय. सुरुवातीला मी पण मजेत घेतलं. मी म्हणायचे, "आबा, लाईट गेलीय, मोटर बंद आहे," की ते परत बसायचे. आता नाही बसत.

एक दिवस तीन वाजेपर्यंत आले नाहीत. मी शोधत निघाले. कॅनॉलकडच्या रो-हाउसांच्या गल्लीत शेवटाला उभे. तोंड भिंतीकडे. नाक टेकेल इतके जवळ. एक हात भिंतीवर, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. उन्हात डोकं तापलेलं. आणि भिंतीला हळू आवाजात म्हणत होते, "सरक की जरा. सरक की बाबा."

मी म्हटलं, "आबा, चला."

माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

मला वाटलं माझीच फिरकी घेतायत. आपलंच रक्त आहे ना. मी पण म्हटलं, "मी कलेक्टरीणबाई." तर त्यांनी हात जोडले, दादा. फडकं खांद्यावरून काढलं आणि हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, तेवढी वाट मोकळी करून द्या."

त्या दिवसापासून मी कुणाचाच आवाज काढला नाही.

डॉक्टर म्हणाले विसरायचा आजार आहे, वाढत जाणार. लक्ष ठेवा. लक्ष ठेवायला आई एक आणि मी एक. मॅडमना सांगितलं. त्यांनी नकाशा पुढे ठेवला, म्हणाल्या, "कुठे कुठे सापडले ते दाखव." मी बोट ठेवत गेले. प्रत्येक वेळी बोटाखाली लाल ठिपका. मॅडम म्हणाल्या, "ते वळत नाहीत, शालू. जुन्या वाटेने निघतात आणि वाट संपली की तिथेच थांबतात."

आपली पाणंद तुमच्या मागच्या भिंतीवर येऊन संपते. रोज पहिले तिथेच जातात. तिथून कुणी हुसकलं की दुसरीकडे.

तू कमिटीत आहेस. त्या भिंतीत एक दार करून दे. माणूस जाईल एवढंच. आबा आत येतील, दोन पावलं फिरतील, परत फिरतील. उसाची जमीन बिल्डरला गेली तेव्हा त्यांनी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, ते आता त्यांना आठवतही नाही. तू आठवत बसू नकोस.

शालू


३ फेब्रुवारी

दादा,

वहिनी आईला मंगळवारी हडपसरच्या मंडईत भेटली. आईने विचारलं, पत्रं मिळाली का. वहिनी म्हणाली, "हे म्हणतात शालूचं नवीन नाटक असंल. आबांच्या नावावर आम्हाला बोलावतीय."

मला राग नाही आला. तुझ्या जागी मी असते तर मी पण हेच म्हटलं असतं. त्याचीच भीती वाटतेय.

काल मी तुझ्या सोसायटीत आले होते. मॅडमच्या पत्रावर, गळ्यात ओळखपत्र, डोक्याला टोपी. आतल्या रस्त्यांची तोंडं मोजायची होती. यज्ञेश्वर वॉचमनने ओळखलं, पण मॅडम बरोबर होत्या म्हणून नुसता बघत राहिला.

मागे गेलो. तुमच्या बिल्डिंगीच्या मागची बाग, जिथे अजून कुणी राहायला आलं नाही ती बाजू. भिंत बघितली. मग भिंतीकडे पाठ करून उभी राहिले. समोर आपली बोर दिसली. तोडली नाही, बरं केलं. बोरीच्या डाव्या अंगाने पाणंद जायची विहिरीवर. आता तिथे हिरवं गवत आहे, ते प्लॅस्टिकचं. मी सहज चालत गेले. बोर ओलांडली आणि पायाखाली ढब असा आवाज झाला.

मी जागच्या जागी थांबले. वाकून गवत उचललं. खाली पत्रा. पत्र्याच्या कडेने आपल्या विहिरीचं दगडी तोंड.

गेटवर येऊन विचारलं तर यज्ञेश्वर म्हणाला, "हो, विहीर. भरायची आहे. भरायची कुणी, यावर बिल्डर आणि कमिटीचं चाललंय दोन वर्षं."

"पाणी आहे?"

"असेल की."

तू तिथे पोहायला शिकलास. आबांनी कमरेला डबा बांधून तुला ढकलला होता. किती खोल आहे ते तुला माहीत आहे.

आता माझं म्हणणं बदललंय. दार नको. भिंत असू दे, उलट चांगली आहे, आबा तिच्यापाशी अडतात. पण ते उद्या कुठूनही आत आले तर पाय डोळे मिटून तिकडेच नेतील त्यांना. बोर, डावं अंग, विहीर. पत्रा गंजलाय. त्याला कठडा कर, नाहीतर दगडमाती टाकून भर. मी कमिटीला अर्ज दिला. त्यांनी विचारलं, तुम्ही मेंबर आहात का.

तू आहेस.

शालू


११ फेब्रुवारी

दादा,

मी एक गोष्ट केलीय. तू भिंतीवरून वाकून बघशील तर तुला राग येईल, म्हणून आधीच सांगते.

आबा भिंतीपाशी उभे राहायचे तेव्हा कपाळ घासायचे. कातडी गेली. आई रोज हळद लावते, ते रोज घासतात. मला वाटलं, भिंतीचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. दाराचं कळेल. बंद दार दिसलं की माणूस काय करतो? दोन थापा मारतो, कुणी नाही म्हणतो, घरी येतो.

म्हणून आमच्या बाजूने भिंतीवर दार रंगवलं. आपल्या जुन्या दाराचा हिरवा रंग डब्यात उरला होता. चौकट काढली, उंबरा काढला, फळ्या, मधली पट्टी, कडी. कडीला पिवळा देऊन पितळी केली. खोटं कशाला बोलू, काढताना मजा आली. तुमच्या कमिटीची तोंडं आठवून जास्तच आली. बाजूला बेल पण काढणार होते.

दुपारी आबा आले. दार बघून थांबले. चेहरा असा उजळला, दादा, की मला वाटलं, शालू, शिकली नाहीस पण डोकं आहे.

त्यांनी फडक्याने पाय झटकले. दोन बोटं वाकवून टकटक केलं, थांबले, परत टकटक. मी म्हटलं, "आबा, कुणी नाही घरात. चला."

म्हणाले, "आसं कसं? आत हाय की माणूस. बाहेरनं कुलूप न्हाई."

कुलूप काढायचं राहिलं होतं माझ्याकडून. दार लोटलेलं आणि बाहेर कुलूप नाही म्हणजे घरात माणूस आहे, हे आपल्यात शेंबड्या पोराला कळतं. मलाच सुचलं नाही.

ते दुपारभर वाजवत होते. मग हाक मारायला लागले. तुझी. "जयसिंगा, झोपलास का रं? उघड." रागाने नाही, अगदी लाडाने, तू लहान असताना मारायचे तशी. बोटांची सालं निघाली. हिरव्या रंगावर रक्ताचे ठिपके पडले.

आई म्हणते, राहू दे ते दार. निदान रोज कुठं आहेत ते तरी कळतं, गावभर शोधायला नको. ते खरंय. पाच दिवस झाले, आबा दुसरीकडे कुठेच गेले नाहीत. जातात, वाजवतात, बसतात, वाजवतात.

पण मला ते ऐकवत नाही. टाकीवर चढले तरी ऐकू येतं. तुला येत नाही?

उद्या मी त्याच्यावर कुलूप रंगवणार आहे. चांगलं मोठं. बघतील, कुणी घरी नाही म्हणतील, परत येतील.

शालू


१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
भिंतीपाशी

दादा

हे नकाशाच्या पाठीवर लिहितेय, अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच, पण लगेच वाच.

सकाळी कुलूप रंगवलं. दुपारी आबा आले, बघितलं. हात लावून बघितलं. मला वाटलं, जमलं. ते वळले. पहिल्यांदा स्वतःहून वळले. आई म्हणाली, बघ, आले घराकडं. घरात पाणी प्यायले आणि म्हणाले, "किल्ली जयसिंगाकडं ऱ्हायली." आई भाकरीचं पीठ काढायला आत गेली, मी हात धुवायला मागे गेले. तेवढ्यात गेले.

मॅडम स्कूटरवर आल्या. नकाशा घेऊन सगळे लाल ठिपके बघितले. रो-हाउस, कॅनॉल, नव्या शाळेमागची गल्ली, पाण्याच्या टाकीखालचा रस्ता. प्रत्येक भिंतीपाशी जाऊन बघितलं. कुठेच नाहीत. हमरस्त्यावर डंपरांची रांग होती, तिथे मी मधे उतरून चाकाखाली बघत होते. मॅडमनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. एकतोंडी रस्ते संपले, आणि मला कळेना आता कुठे बघायचं. ते थांबतच नसतील तर कुठे बघायचं?

आईला रंगवलेल्या दारापाशी बसवलं होतं. ती पळत आली. म्हणाली, "शाले, वाजतंय."

मी आले. कान लावला. भिंतीतून टकटक. दोन बोटांची. थांबून परत.

पलीकडून.

ते आत आहेत, दादा. तुझ्या बाजूला. टँकरच्या मागून गेटमधून शिरले असणार. पुरा वळसा चालून. तू सापडला नाहीस म्हणून ओळखीच्या बोरीपाशी आले, तिथून भिंतीला.

मी म्हटलं, "आबा!"

म्हणाले, "शाले, मी आत हाय गं. बाहेरनं कुलूप हाय. काढ की."

मी म्हटलं, किल्ली आणते, हलू नका. म्हणाले, "मग तवर मी हिरीवर जाऊन येतो, पाणी सुटलं असंल."

मॅडमनी केलेला फोनही तू उचलत नाहीस. गेटवर फोन लावला, तर यज्ञेश्वर म्हणतो इंटरकॉम वाजतोय, साहेब उचलत नाहीत, आणि मी गेट सोडू शकत नाही. त्याला खोटंच वाटतंय, मी बोलतेय म्हणून. मॅडम निघाल्यात स्कूटरवरून, पण तो वळसा तुला माहीत आहे, आणि डंपर. मी भिंतीवर चढले, वरच्या काचांनी तळहात फाटला, तारेच्या पुढे जाता येईना. कागदाला लागलंय ते रक्त आहे, रंग नाही. टाकीवरून ओढणी हलवली. तुझ्या घरात लाईट आहे. पडदा लावलेला आहे. एसी चालू आहे.

आबांची पावलं दोनदा लांब गेलेली ऐकू आली. दोनदा मी त्यांना परत आणलं. कसं ते सांगते, मग तुला काय वाटायचं ते वाटू दे. तुझ्या आवाजात. भिंतीला तोंड लावून घसा जाड केला आणि म्हटलं, "आबा, मी जयसिंग. किल्ली माझ्याकडं हाय. आलोच. तिथंच बसा." ते परत आले. भिंतीला टेकून बसलेत. मघापासून तुझ्याशी बोलतायत. ऊस कसा आलाय ते सांगतायत. मी हां हां म्हणतेय तुझ्या घशाने, आणि इकडे लिहितेय. आई तोंडात पदर कोंबून बसलीय.

आत्ता विचारलं, "कवा येतूस?" म्हटलं, आलोच. त्यांनी म्हटलं, "लवकर ये, अंधार पडला की हिरीकडची वाट दिसत न्हाई."

माझा आवाज बसत चाललाय, दादा. मधेच माझा स्वतःचाच निघतो. मग ते विचारतात, "तुम्ही कुणाच्या?"

कुलूप मी रंगवलेलं आहे, ते मला काढता येत नाही.

गोफणीत दगड घातलाय, त्याला हे गुंडाळतेय. काच फुटेल. फुटू दे. बाल्कनीत ये आणि वरूनच त्यांना हाक मार, खऱ्या आवाजात, मग हाक मारतच खाली पळ. बोरीच्या डाव्या अंगाने नको. तू पण.